हातभर पुढं

मी गोल्फ शिकले ते कुंपणाच्या आत जायला मिळावं म्हणून. खेळाची हौस नव्हती. मला माळावर चालायचं होतं आणि माळाला तार लागली होती, एवढीच गोष्ट.

पावसाळा सरता सरता मी न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण डावा पाय धरला. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला, नाहीतर पाय आखडेल आणि मग खाटेवरच. खाटेवर पडलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणी नकोसं आलं तरी त्याच्याकडं बघत पडावं लागतं. मला ते नको होतं.

पण चालायचं कुठं? मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. सोलापूर वाढत वाढत जिथवर आलं आहे, तिथल्या शेवटच्या इमारतीत. फाटकाबाहेर पडलं की हमरस्ता. पहिल्याच आठवड्यात एक मोटारसायकल माझ्या पदराला घासून गेली. मुलानं ते वरून पाहिलं.

"आये, आता रस्त्यावर जायचं न्हाय," तो म्हणाला. "गच्चीवर फेऱ्या मार."

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. वीस पावलं झाली की भिंत. खुंटीला बांधलेलं जनावर जे करतं ते मी महिनाभर केलं.

गच्चीवरून माळ दिसायचा. तो माळ माझ्या ओळखीचा होता. आमचं गाव माळशिरस तालुक्यातल्या कोरड्या भागात. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन निघायचा. ज्यांना शेतात खत हवं त्यांच्या रानात मेंढरं बसवत बसवत आम्ही सोलापूरच्या अंगाला यायचो आणि पाऊस आला की परत. शाळा फक्त पावसाळ्यात. असे चार पावसाळे झाले, म्हणजे माझी चौथी झाली. बापाला मुलगा नव्हता, म्हणून काठी माझ्या हातात आली. पुढं लग्न झालं, मेंढरं विकली, नवरा चादरीच्या कारखान्यात लागला आणि मी सुताच्या कांड्या भरायला बसले. ते सगळं सांगण्यासारखं नाही. बसूनच झालं ते.

पण हा माळ मी चालले होते. नऊ-दहा वर्षांची असताना या उतारावर आमचा तळ पडायचा. ओढ्याकाठी एक हिवराचं झाड होतं, ते अजून आहे.

सकाळी लवकर गच्चीवर गेलं की माळावर धुकं असायचं. धुकं अर्धं, धूर अर्धा. त्यात काहीतरी पांढरं हलायचं. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसरा तसाच आहे. त्यामुळं लांब जे हलतं ते काय आहे, हे मीच ठरवते. मी मेंढरं ठरवली होती. कठड्याला टेकून मी ती मोजायचे. सात, आठ, कधी अकरा. एक मागं राहायचं. मग ऊन यायचं, धुकं विरायचं आणि मेंढरांच्या जागी पांढऱ्या टोप्या घातलेली, पोटं सुटलेली माणसं उभी असायची. हातात काठ्या घेऊन जमिनीकडं बघत.

मला हसू यायचं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मेंढरंच.

शेवटी एक दिवस मी इमारतीच्या मागच्या बाजूनं बांधाबांधानं गेले. रस्ता लागतच नाही तिकडून. तारेच्या फाटकाशी राखणदार बसला होता.

"अम्मा, अंदर नक्को," तो म्हणाला. "गेंद लगी तो सिर फूटता."

"फुटलं तर माझं फुटंल. तुझं न्हाय."

"मेरी नौकरी फूटती ना, अम्मा."

त्याचं खरं होतं. मी तिथंच दगडावर बसून राहिले. तासाभरानं एक वाळकासा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, मिशा कापलेल्या. करमाळ्याकडचा. फौजेत सुभेदार होता आणि नोकरीतली बरीच वर्षं छावणीतल्या साहेबांचं गोल्फचं मैदान सांभाळण्यात गेली होती. साहेब खेळायचे, हा बघायचा. बघून बघून साहेबांपेक्षा बरा खेळायला लागला. आता सोलापुरातल्या काही डॉक्टरांनी आणि कारखानदारांनी मिळून हा माळ भाड्यानं घेऊन नऊ खड्ड्यांचं मैदान केलं होतं आणि सुभेदाराला त्यावर नेमलं होतं.

"आक्का, आत फकस्त खेळणाऱ्यालाच सोडत्यात," तो म्हणाला. "नियम हाय."

"मग मला शिकवा की."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो थांबला. आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग हातांकडं.

"काठी धरलीया का कवा?"

"तुमी जन्मायच्या आदीपास्नं."

बायकांना पहिला हंगाम फुकट होता, कारण अजून एकही बाई आली नव्हती. त्यानं वहीत माझं नाव लिहून घेतलं. मी सही केली. सही मला छान येते.

घरी सांगितलं तर मुलगा ताटावरून उठलाच.

"आये, मोटारीतनं येणारी माणसं हायत ती. आपलं काय काम तितं?"

"त्यास्नी मोटारीतनं यावं लागतंय. मी चालत जाते. माझं बरं हाय की."

सून हसून हसून ओट्याला टेकली. "आत्या, डोक्यावर टोपी घालणार का पदर?"

"पदरावर टोपी."

तिनंच मग नातवाचे पांढरे बूट काढून दिले. पुढं थोडा कापूस घातला की बसले.

मैदान म्हणजे काय, तर माळच. गवत पावसाळ्यात हिरवं, दिवाळीला पिवळं, संक्रांतीला नुसती कुसळं. सुभेदार सांगायचा, मोठ्या गावांत हिरवळ असते, मखमलीसारखी. इथं पाणी कुठलं? म्हणून खड्ड्याभोवती हिरवळीच्या जागी वाळू. वाळूत गाडीचं जळकं तेल मिसळून ती दाबायची, म्हणजे उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. तेलकट तपकिरी वर्तुळ होतं, त्याला ते ब्राऊन म्हणतात. त्याच्या मधोमध वाटीएवढा खड्डा आणि खड्ड्यात झेंडा. खेळून झालं की मागच्यासाठी गोणपाट ओढून वाळू पुसून द्यायची. घर सारवल्यासारखं.

बाकीच्या माळावर खडे. चेंडू खड्यात पडला तर काठी खराब होते, म्हणून प्रत्येकाजवळ चटईचा एक तुकडा असायचा. चेंडू उचलायचा, तुकडा टाकायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा. इतरांचे तुकडे प्लास्टिकच्या हिरव्या गवताचे होते. मी माझ्या घोंगड्याचा कोपरा कापला. सून म्हणाली, "आत्या, नका कापू, तुमच्या बाबांचं हाय ते." मी म्हणाले, "बाप न्हाय विचारायला येत." काळ्या घोंगडीवर पांढरा चेंडू माझ्या अधू डोळ्यालाही दिसायचा.

पहिले पंधरा दिवस काठी चेंडूला लागलीच नाही. लागली तेव्हा चेंडू राखणदाराच्या खुर्चीकडं गेला. चेंडू कुणाच्या अंगावर जायला लागला की "फोर" असं ओरडायचं असतं, ते मला सांगितलं होतं. ऐन वेळी माझ्या तोंडातून "हुर्र्र, हाऽ हाऽ" निघालं. राखणदार खुर्ची सोडून पळाला. सुभेदार म्हणाला, "आक्का, हेच ठेवा. फोर म्हणल्यावर कुणी इतकं जोरात पळालेलं मी बघितलं न्हाय."

पुढं लांबचे फटके जमायला लागले. जोर माझ्यात नव्हताच, पण चेंडू सरळ जायचा. सुभेदार सांगायचा, डोकं खाली ठेवा, खांदा वळवा, अमकं करा. मी तेवढ्यापुरतं हो म्हणायचे. लांब मारायचं म्हणजे लांब बघायचं आणि हात सोडून द्यायचा, हे मला येत होतं. शंभर पावलं, कधी सव्वाशे. मग ती शंभर पावलं चालायची. मी त्यासाठीच आले होते.

ते चालणं कसं सांगावं. पहाटेचं धुकं गुडघ्यापर्यंत असायचं. पाय दिसायचे नाहीत, त्यामुळं पाय दुखतोय हेही लक्षात राहायचं नाही. कुसळं लुगड्याला चिकटायची. टिटवी ओरडायची. थोडं चाललं की मला पाठीमागं खुरांचा आवाज यायचा. पुष्कळ खुरांचा, पावसासारखा. मी वळून बघायचे नाही. बघितलं की बंद होणार हे ठाऊक होतं. मी नुसती पुढं चालायचे आणि ती मागून यायची. तळ उठवून निघालो आहोत, पुढं कुठंतरी बाप गाढवावर भांडी लादून गेला आहे, दुपारच्या आत पाण्याला पोचायचं आहे, असं वाटायचं. मग घोंगडीच्या तुकड्याएवढ्या जागेत चेंडू दिसायचा, मी थांबायचे, आणि मागची सगळी खुरं थांबायची.

हे मी कुणाला सांगितलं नाही. म्हातारीला भास होतात म्हटलं की पोरं गोळ्या चालू करतात.

अडलं ते ब्राऊनवर.

खड्ड्याजवळ आलं की चपट्या काठीनं चेंडू हळूच ढकलायचा असतो. पोरखेळ. पण माझा चेंडू खड्ड्याच्या पुढं जायचा. हातभर पुढं, रोज, प्रत्येक वेळी. पलीकडून परत मारला की अलीकडं हातभर. जवळून मारला तरी हातभर, लांबून मारला तरी हातभर. पाच-सहा वेळा इकडून तिकडं झाल्यावर चेंडूच कंटाळून खड्ड्यात पडायचा.

सुभेदारानं सगळं करून पाहिलं. काठी बदलली. माझं मनगट धरून दाखवलं. झेंडा काढून ठेवला. एकदा खाली बसून वीत लावली.

"आक्का, ह्यो चुकीचा फटका न्हाय," तो म्हणाला. "चुकणारा माणूस इकडं तिकडं चुकतुया. तुमचा बगा, रोज तेवढाच. एक बोट कमी न्हाय का जास्त न्हाय. तुमी मुद्दाम करताय."

"मला काय खूळ लागलंय का?"

"मग कशावर नेम धरताय?"

"खड्ड्यावर."

पण घरी येताना बांधावर मला कळलं. हात नेम धरतच नव्हता. हात दगड टाकत होता.

मेंढरू कळपातून फुटलं आणि कुणाच्या ज्वारीत शिरायला निघालं, तर त्याला दगड मारायचा नसतो. त्याच्या तोंडापुढं हातभर दगड पडला पाहिजे. आवाज झाला की ते दचकतं आणि वळतं. मागं पडला तर जास्त पळतं, अंगावर पडला तर जखम. बापानं मला हे पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी पहिल्याच वर्षी चुकले. एक पाठ होती, म्हणजे तरणी मेंढी, अजून न व्यालेली. ती सारखी फुटायची. मी चिडून टाकलेला दगड तिच्या डोळ्याला लागला. डोळा गेला.

बापानं मारलं नाही. तो म्हणाला, "आता ही तुझी. तिचा त्यो डोळा तू." एवढंच. मेंढी पुढं सात-आठ वर्षं कळपात राहिली. तिला उजवीकडचं दिसायचं नाही, म्हणून ती माझ्या डाव्या हाताला चालायची, उजवी कूस माझ्या मांडीला घासत. मी थांबले की थांबायची. ती म्हातारी झाली, विकली. रडाबिडायचं काही नव्हतं, मेंढरं विकायचीच असतात. पण त्या दिवसानंतर माझ्या हातून दगड कुणाला लागला नाही. हातभर पुढंच पडला. साठ वर्षं हात तेच करतोय. आता त्याला सांगायचं की बाबा, यावर नेमका मार, तर तो ऐकेना.

दुसऱ्या दिवशी मी हे सुभेदाराला सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"हे पुस्तकात न्हाय," तो म्हणाला.

"मग खड्डाच हातभर पुढं करा."

"आक्का, जगात सगळीकडं खड्डा असतुया तितंच असतुया."

माझ्यामागून दाताचे एक डॉक्टर खेळायचे. सकाळी खेळून त्यांना दवाखाना उघडायचा असायचा. मी ब्राऊनवर इकडून तिकडं करत असताना ते कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. एकदा घड्याळ दाखवून म्हणाले, "आजी, माझे पेशंट तोंड उघडून बसलेत." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, पण त्यांनी कमिटीकडं तक्रार केली. त्यांचं बरोबरच होतं. मी त्यांच्या जागी असते तर तिसऱ्या दिवशी केली असती.

कमिटीनं ठरवलं ते सुभेदारानं येऊन सांगितलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी नऊ खड्डे खेळून दाखवायचे. शंभर फटके मिळतील. त्यात झाले तर मी कायमची खेळाडू, हवं तेव्हा यावं, एकटीनं यावं. नाही झाले तर फाटक बंद.

"शंभर म्हणजे लई झालं, आक्का," सुभेदार म्हणाला. "मीच भांडून घेतलं. नवशिक्याला बी पुरत्यात. फकस्त ब्राऊनवर सांभाळा."

त्या तीन आठवड्यांत मी घरी फरशीवर वाटी ठेवून चेंडू ढकलला. सुनेनं मोजलं. नातवानं मोजलं. वाटीच्या पुढं हातभर, जिथं चेंडू थांबायचा, तिथं मुलगा पेपर वाचत बसायचा. चेंडू त्याच्या पायाला लागायचा. तो पेपरमागून म्हणायचा, "आये, न्हाय जमलं तर गच्ची हाय की." मी चेंडू परत मागायचे. रात्री पाय आखडला की मात्र मला गच्चीची भिंत दिसायची.

रविवारी धुकं नेहमीपेक्षा दाट होतं. शहरात संक्रांतीची, गड्ड्याची जत्रा चालू होती. रात्रभरचे पाळणे थांबले असतील, तरी शहराकडून एक गुणगुण येत होती, झोपेत कुणी बोलावं तशी. सुभेदार कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर चालला. दाताचे डॉक्टर साक्षीला होते. ते मागं चालले आणि मी घोंगडी टाकायला वाकले की थांबत होते.

मी मोजत नव्हते. माळ चालत होते. मला वाटलं, शेवटचाच असेल तर नीट चालावा. ओढ्याजवळचं हिवर धुक्यात अर्धं दिसत होतं, वरचं अर्धं. खुरांचा आवाज त्या दिवशी नव्हता. चौथ्या खड्ड्याला मी मुद्दाम हळू चालले, तरी नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं. रोजची माणसं घरात असतात तेव्हा त्यांचा आवाज ऐकू येत नाही, नसली की येतो, तसं.

आठ खड्डे झाले. सुभेदारानं कागद बघितला आणि मला आकडा सांगितला नाही, तेव्हा मीच विचारला.

"एकोणनव्वद."

नववा खड्डा उतारावर होता, जिथं आमचा तळ पडायचा तिथंच. सहा फटक्यांत मी ब्राऊनवर पोचले. पंच्याण्णव झाले, पाच उरले.

पहिला खड्ड्याच्या पुढं हातभर. परत मारला, अलीकडं हातभर. डॉक्टर खोकले. पुन्हा पलीकडं हातभर. अठ्ठ्याण्णव झाले. मग मी घाबरले. घाबरल्यावर माणूस करतो तेच केलं, जोरात मारला. चेंडू खड्डा ओलांडून ब्राऊनच्या कडेला सहा पावलांवर जाऊन थांबला.

"नव्व्याण्णव," सुभेदार म्हणाला.

मी चेंडूकडं गेले आणि मागं वळून खड्ड्याकडं तोंड केलं. आता माझी पाठ घरांकडं होती आणि समोर सगळा माळ. मघापासून मी नुसता खड्डाच बघत होते. आता खड्ड्यामागं उतार होता, उताराखाली धुकं, आणि धुक्यातून एक मेंढी वर येत होती.

एकटीच होती. मान जरा वाकडी करून, डाव्या डोळ्यानं वाट बघत चालली होती. घाई नव्हती तिला. माझ्याकडंच येत होती. मी सांगते ते सांगते, कुणी काही म्हणो. उजवा डोळा नव्हता तिथं पांढरं होतं.

ब्राऊनच्या पलीकडच्या कडेवरून ती आत आली. वाळूवर खूर उमटले नाहीत. ती खड्ड्याकडं सरकली आणि खड्ड्यापासून हातभर अंतरावर आली.

बापानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मला एकच आठवत होती, कारण तीच रोज लागायची. जाणाऱ्या मेंढराला दगड पलीकडं. पण येणाऱ्याला? तुझ्यामागं विहीर असेल, रस्ता असेल आणि मेंढरू तुझ्याकडंच येत असेल, तर? तर दगड अलीकडं. त्याच्या आणि तुझ्या मधी. त्याच्या तोंडापुढं हातभर.

तिच्या तोंडापुढं हातभर खड्डा होता.

म्हणजे मला तिला अडवावं लागणार होतं. ती येत होती आणि तिला येऊ द्यायचं नव्हतं. माझ्या मागं घरं होती, रस्ता होता, मोटारसायकली होत्या. तिला उजवीकडचं दिसत नाही. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. हातानं ठरवलं. तोंडातून हळूच "हाऽ" निघालं आणि काठी हलली.

चेंडू सहा पावलं गेला. तिच्या तोंडापुढं हातभर तो जमिनीत गेला आणि डब्यात खडा पडावा तसा आवाज झाला. ती दचकली. थांबली. मग वळली, आली तशीच उतारानं खाली गेली. धुकं तिच्या पाठीवरून मिटलं.

सुभेदार ओरडत होता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. राखणदार फाटक सोडून पळत आला होता. "अम्मा, पड गई, पड गई!"

"शंभर!" सुभेदार म्हणाला. "आक्का, बरोब्बर शंभर! कशावर नेम धरलात ह्या टायमाला?"

"खड्ड्यावर," मी म्हणाले.

डॉक्टरांनी वाकून खड्ड्यातून चेंडू काढून माझ्या हातात दिला. मी गोणपाट घेतलं आणि वाळू पुसली. कुठं खूर राहिलाय का, बघितलं. नव्हता.

तेव्हापासून मी रोज जाते. राखणदार उठून फाटक उघडतो. पाय चालतो आहे. ज्यानं गच्चीवर फेऱ्या मार म्हणून सांगितलं होतं तो मुलगा आता पाहुण्यांना सांगतो की आमची आई गोल्फ खेळते, आणि पाहुणे माझ्या पायांकडं बघतात. बघू देत. ब्राऊनवर आता मला वेळ लागत नाही. मेंढरू समोरून येतंय असं धरायचं, एवढं कळलं की चेंडू पडतो. डॉक्टर दवाखान्यात वेळेवर पोचतात.

पण धुक्यातून आता कुणी येत नाही. मागं खुरंही वाजत नाहीत. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन उरकलं आहे, त्यामुळं असेल. गच्चीवरून बघितलं तर टोप्याच दिसतात, धुक्यातसुद्धा.

कधीकधी मागं कुणी नसलं, तर नवव्या खड्ड्यावर मी घरांकडं तोंड करून उभी राहते आणि चेंडू सोडते, जाणाऱ्या मेंढराला दगड टाकावा तसा. तो खड्ड्याच्या शेजारून जातो आणि पुढं हातभर थांबतो. सुभेदार लांबून बघतो आणि म्हणतो, "आक्का, मनगट पुन्हा ढिलं पडलं बगा."

"पडलं आसंल," मी म्हणते आणि चेंडू उचलते.